वऱ्हाडातील जमीनसुधारणा व जैव विविधता

शेतजमिनीची मालकी, तिची वहिवाट आणि तिच्या उत्पन्नातील हिस्सा यांत कायद्याने घडवून आणलेल्या बदलांस जमीनसुधारणा म्हणतात. मध्यस्थ हक्कदारांचे उच्चाटन, कुळांना संरक्षण, कमाल धारणेची मर्यादा आणि वरकड जमिनीचे वाटप हे तिचे परिचित भाग होत. एखाद्या प्रदेशातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण व त्यांचे अधिवास यांतील वैविध्यास जैव विविधता म्हणतात. पहिला विषय महसूल खात्याचा व दुसरा वन खात्याचा, अशी विभागणी दीर्घकाळ रूढ असल्याने या दोहोंचा एकत्र विचार क्वचितच झाला. तथापि अमरावती व अकोला या जिल्ह्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा महसुली इतिहास पाहिल्यास, येथील गवताळ राने, बाभुळबने व डोंगरउतारावरील जंगले यांचे भवितव्य बहुतांशी जमिनीच्या कायद्यांनीच ठरविले, असे दिसून येते. कसल्या जाणाऱ्या जमिनीचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर कायद्यांनी दिले. न कसल्या जाणाऱ्या जमिनीचा धनी कोण, हा प्रश्न मात्र फार उशिरापर्यंत अनुत्तरित राहिला.

प्रदेश : वऱ्हाडाचे तीन स्वाभाविक विभाग पडतात. उत्तरेस गाविलगडाच्या डोंगररांगांचा मेळघाट, मध्यभागी पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या कसदार मातीचा पयनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांना लागून असलेले बालाघाटाचे पठार. मेळघाट हा साग, धावडा, सालई, तेंदू, मोह, आवळा व बांबू यांचा प्रदेश असून तेथे प्रामुख्याने कोरकू जमातीची वस्ती आहे. पयनघाटात कापूस व ज्वारी ही मुख्य पिके होती. याच भागात पूर्णेच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले, ते या पट्ट्यामुळेच. बालाघाटाची जमीन हलकी व उथळ असल्याने तेथे पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी, तिखाडी इ. गवतांची विस्तीर्ण राने होती. प्रस्तुत विवेचनात अकोला जिल्ह्यात १ जुलै १९९८ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याचाही अंतर्भाव केला आहे.

ब्रिटिशकालीन जमीनव्यवस्था : १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. १९०२ मध्ये त्याचा कायम पट्टा झाला व १९०३ मध्ये हा प्रदेश मध्य प्रांतास जोडण्यात आला. लगतच्या नागपूर भागात मालगुजारी पद्धती असली, तरी वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धती लागू करण्यात आली. १८६१ पासून जमिनीची पाहणी व मोजणी सुरू झाली आणि प्रत्येक सर्व्हे नंबरावर ३० वर्षांसाठी सारा ठरविण्यात आला. रयत ही खातेदार झाली. या पद्धतीचा एक परिणाम सहसा नोंदला जात नाही. सारा हा पिकावर नसून नंबरावर असे. जमीन पेरली किंवा पडीक ठेवली, तरी तो भरावाच लागे. त्यामुळे हलकी जमीन काही वर्षे गवतासाठी मोकळी सोडून पुन्हा वहितीस आणण्याची जुनी चाल परवडेनाशी झाली. गवत हे पीक नव्हे, ही समजूत दप्तरात रुजली ती येथून.

याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा खंडित झाला व वऱ्हाडच्या कापसास विलक्षण मागणी आली. लोहमार्ग आले, अमरावती, अकोला, खामगाव येथील बाजारपेठा भरभराटल्या. लागवडीयोग्य पडीक जमीन वहितीस यावी, म्हणून १८६५ च्या पडीक जमिनींविषयीच्या नियमांनी ओसाड गावे दीर्घ मुदतीने इजाऱ्याने देण्याची तरतूद केली. इजारदाराने गाव वसवावे, जमीन मोडावी व मुदतीनंतर त्यास काही कायम हक्क मिळावेत, असे या योजनेचे स्वरूप होते. बालाघाटातील व वणी (पुढे यवतमाळ) भागातील अनेक गावे अशा रीतीने नव्याने वसली. प्रशासनाच्या दृष्टीने हे पडीक जमिनीचे उद्धारकार्य होते. परंतु ज्या जमिनीला पडीक म्हटले गेले, ती गवळी, धनगर, बंजारा इ. पशुपालकांची चराऊ राने व फासेपारध्यांची शिकारीची राने होती. त्यांचा हक्क कोठेही लिहिलेला नसल्याने तो विचारात घेण्याचे कारण कोणास वाटले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अशा अनेक फिरत्या जमातींच्या हिंडण्याफिरण्यावरच पाळत आणली. १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात गुरांचा मोठा संहार झाला. चराऊ क्षेत्राचा संकोच हे त्यामागील एक कारण होते, हे मत अलीकडील इतिहासकारांनी मांडले असून ते ग्राह्य वाटते.

वनांची व्यवस्था याच काळात स्वतंत्रपणे लावली गेली. मेळघाटातील सागाची राने १८६० नंतरच्या दशकात राखीव करण्यात आली. कोरकूंची दहिया ही फिरती शेती, म्हणजे झाडोरा तोडून व जाळून त्या राखेत धान्य पेरण्याची पद्धती, बंद करण्यात आली. वऱ्हाडातील सरकारी वनांचे इमारती लाकूड व जळण यांसाठीची राने, गवतासाठी राखलेले रमणे व बाभुळबने, आणि गुरांच्या चराईसाठीची राने असे तीन वर्ग केलेले होते. गवताच्या रानाला वनाचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता देणारी ही वर्गवारी त्या काळाच्या मानाने डोळस म्हणावी लागेल. पण १८९४ च्या वनधोरणाने लागवडीची गरज वनाहून वरचढ मानल्याने तिसऱ्या वर्गातील क्षेत्र शेतीसाठी मोकळे करण्याकडे कल राहिला. मेळघाटात वन खात्याने स्वतःच्या कामासाठी मजूर हाताशी असावेत म्हणून वनग्रामे वसविली. तेथील कोरकूंना जमीन कसण्यास मिळे, पण ती खात्याच्या मर्जीवर. तिचा सातबारा त्यांच्या नावे नसे. जंगलाविषयीच्या असंतोषास १९३० मध्ये राजकीय रूप आले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक माधव श्रीहरी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापून जंगल सत्याग्रहास आरंभ केला व त्याचे लोण वऱ्हाडभर पसरले. कायदेभंगासाठी निवडलेली वस्तू गवताची पेंढी असावी, हे या प्रदेशाच्या दृष्टीने अर्थपूर्ण होते.

स्वातंत्र्योत्तर कायदे : वऱ्हाडातील जहागिरी, इनामे व इजारे यांचे हक्क मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५० अन्वये ३१ मार्च १९५१ पासून राज्य शासनाकडे आले. त्याच वर्षी वऱ्हाडातील शेतीपट्ट्यांच्या नियमनाचा कायदा करण्यात आला. बटईने किंवा रोख खंडाने जमीन कसणाऱ्यास प्रथमच काही स्थैर्य लाभले. राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८ लागू झाला आणि त्यातील तरतुदींनुसार १ एप्रिल १९६१ रोजी पात्र कुळांकडे जमिनीची मालकी संक्रांत झाली. महाराष्ट्र शेतजमीन (धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ हा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला. १९७५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा खाली आणून कोरडवाहू जमिनीसाठी ५४ एकर व बारमाही पाण्याच्या जमिनीसाठी १८ एकर अशी ठरविण्यात आली. वऱ्हाड मुख्यतः कोरडवाहू असल्याने ५४ एकरांचीच मर्यादा येथे महत्त्वाची ठरली. या काळात भूदान चळवळीतही जमिनी मिळाल्या. विदर्भासाठी तत्संबंधीचा कायदा १९५३ मध्येच झाला होता.

या कायद्यांनी काय साधले व काय साधले नाही, याविषयी विपुल लेखन झाले आहे. येथे प्रस्तुत असा मुद्दा वेगळा आहे. या सर्व कायद्यांत जमीन म्हणजे नांगराखालील जमीन होय. इजारा संपुष्टात आला, तेव्हा इजारदाराच्या वहितीतील शेत कोणाचे हे ठरले. त्याच्या गावातील गवताचे रान, नाल्याकाठचा झाडोरा, तळ्याचे पोट हे मात्र निव्वळ ‘शासनाकडे निहित’ झाले. वऱ्हाडच्या महसुली दप्तरात अशा सरकारी पडीक व गुरचरण जमिनींना ‘ई-वर्ग’ जमीन म्हणतात आणि ग्रामीण बोलीत ‘ई-क्लास’ हाच शब्द रूढ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २२ अन्वये अशी जमीन गुरचरणासाठी नेमून देता येते; तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते, मालकी शासनाकडे राहते. व्यवहारात त्या जमिनीचा राखणदार कोणीच उरला नाही. पूर्वी कोणत्या दिशेला गुरे केव्हा सोडावयाची हे गाव ठरवी आणि गावचा जागल्या त्यावर नजर ठेवी. वतने गेली, तेव्हा जातिबद्ध सक्ती संपली ही इष्टच गोष्ट झाली. पण त्या रचनेतील राखणीचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपविले गेले नाही.

भूमिहीनांचा हक्क आणि चराऊ रान : वरकड जमीन अल्प निघाली आणि भूमिहीनांची संख्या मोठी होती. त्यामुळे शासकीय पडीक जमिनीचे वाटप हाच भूमिहीनांच्या दृष्टीने जवळचा मार्ग राहिला. दादासाहेब गायकवाड (१९०२–७१) यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये महाराष्ट्रात व डिसेंबर १९६४ मध्ये देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्या दलितांच्या नावे करावी, ही त्यांतील प्रमुख मागणी होती. महाराष्ट्र शासनाने पुढे १९७८ व १९९१ च्या निर्णयांनी अशी काही अतिक्रमणे नियमित केली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वतनाच्या तुकड्याखेरीज जमीन मिळाली नव्हती, त्यांच्यासाठी गायरानाचे दोन-तीन एकर हा केवळ उत्पन्नाचा प्रश्न नव्हता. गावात ताठ मानेने राहण्याचा तो आधार होता. या मागणीची न्याय्यता वादातीत आहे.

परंतु जमीनसुधारणेचा भार बड्या खातेदारांच्या शेतावर पडण्याऐवजी सार्वजनिक रानावर पडला, हेही तितकेच खरे. एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोरडवाहू भारतातील सामाईक साधनसंपत्तीविषयीच्या सुप्रसिद्ध पाहणीत अकोला जिल्ह्याचा समावेश होता. हैदराबादनजीकच्या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने (इक्रिसॅट) १९७५ पासून अकोला जिल्ह्यातील कंझारा व किनखेड या गावांचा दीर्घ अभ्यास चालविला होता, त्याची पार्श्वभूमी या कामास होती. १९५० नंतरच्या तीन दशकांत पाहणीतील सर्व राज्यांत सामाईक क्षेत्र मोठ्या प्रमाणावर घटले. जळण, चारा व रानमेवा यांसाठी त्यावर सर्वांत अधिक विसंबून असणारा वर्ग गरिबांचा होता. आणि वाटप गरिबांच्या नावाने झाले असले, तरी खासगी झालेल्या जमिनीचा मोठा हिस्सा अखेर आधीच जमीन असलेल्यांकडे गेला, हे जोधांचे निष्कर्ष आहेत. हलक्या मुरमाड जमिनीचा तुकडा बैलजोडी व भांडवल यांवाचून कसता येत नाही. तो गहाण पडतो, बटईने जातो, किंवा पुन्हा पडीक राहतो. गवत मात्र परत येत नाही. मोडलेल्या रानावर शेडा-पवन्याऐवजी कुसळी व तरोटा माजतो.

गवताळ रानांच्या या ऱ्हासाचे मोजमाप पक्ष्यांवरून करता येते. तणमोर हा माळढोकाच्या कुळातील लहान पक्षी पावसाळ्यात गुडघाभर गवतात घरटे करतो. विणीच्या काळात नर गवतावर उंच उसळ्या घेऊन मादीचे लक्ष वेधतो आणि त्यामुळेच तो शिकाऱ्यांच्या दृष्टीसही सहज पडतो. अकोला व वाशीम हे जिल्हे त्याच्या देशातील मोजक्या उरलेल्या विणीच्या प्रदेशांपैकी होत. जागतिक निसर्गसंरक्षण संघाने २०२१ मध्ये त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत केला. याच रानांतील काळविटासाठी वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० मध्ये घोषित झाले. दुसरीकडे रोही (नीलगाय) व रानडुकरे यांचा उपद्रव पयनघाटातील शेतकऱ्यांना असह्य झाला आहे. रान आणि शेत यांच्या दरम्यानचा चराऊ पट्टा नाहीसा झाल्यावर वन्य प्राणी थेट तुरीच्या व हरभऱ्याच्या शेतात उतरतात. या हानीची झळ अल्पभूधारकास सर्वाधिक बसते.

मेळघाट : मेळघाटात प्रश्नाचे रूप उलट होते. तेथे रान टिकले, पण रानातील माणसाचा हक्क टिकला नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक व महाराष्ट्रातील पहिला प्रकल्प म्हणून घोषित झाला. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य व १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान यांची घोषणा झाली. रहिवाशांच्या हक्कांची चौकशी होण्यापूर्वीच मोठ्या क्षेत्रावर निर्बंध आल्याने तीव्र असंतोष माजला व १९९४ मध्ये अभयारण्याचा काही भाग वगळण्यात आला. लगतच्या अकोला जिल्ह्यात काटेपूर्णा (१९८८) व नरनाळा (१९९७) ही अभयारण्ये झाली. निसर्गसंरक्षणाच्या दृष्टीने या क्षेत्राचे मोल निर्विवाद आहे. १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा आढळलेला रानपिंगळा हा दुर्मीळ पक्षी नंतर मेळघाटातही असल्याचे दिसून आले. पण त्याच मेळघाटातील बालमृत्यूंची आकडेवारी १९९३ पासून वारंवार न्यायालयापुढे व विधिमंडळापुढे येत राहिली. गौण वनोपज, चराई व जमीन यांचा हक्क अनिश्चित असलेल्या समाजाची ती स्थिती होती, हे या संदर्भात लक्षात घ्यावे लागते.

व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील गावांचे पुनर्वसन हा या इतिहासातील सर्वांत कठीण भाग होय. कुंड, कोहा व बोरी ही गावे या शतकाच्या आरंभी अकोट भागात हलविण्यात आली. त्यांच्यामागून इतर अनेक गावे अकोट व तेल्हारा तालुक्यांत आली. सोडलेल्या गावठाणांवर अल्पकाळात उत्तम गवताळ कुरणे तयार झाली व तेथे सांबर, गवा यांचा वावर वाढला; हे यश वन खात्याने आवर्जून नोंदविले आहे. मैदानात आलेल्या कोरकूंचा अनुभव मात्र संमिश्र ठरला. रोख मोबदल्याचा पर्याय घेतलेल्या अनेकांना जमीन मिळविता आली नाही, रोगराई व रोजगार यांविषयीच्या तक्रारी वाढल्या, आणि काही गावांतील कुटुंबे पुन्हा जंगलात परतली. जानेवारी २०१९ मध्ये अशा परतलेल्या ग्रामस्थांचा व वन-पोलीस दलाचा संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. शेतीयोग्य जमीन देणे ही पुनर्वसनाची अट मानली, तर पुनर्वसन हीसुद्धा एक जमीनसुधारणाच ठरते. रोख रकमेने ती भरून निघत नाही.

वनहक्क कायदा : अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्य करणे) अधिनियम, २००६ हा ३१ डिसेंबर २००७ पासून अंमलात आला. तो जमीनसुधारणेचा कायदा आहे व निसर्गसंरक्षणाचाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर कमाल चार हेक्टरांपर्यंत वैयक्तिक हक्क देणारी त्याची तरतूद सर्वज्ञात आहे. अधिक मूलगामी तरतूद सामूहिक वनसंपत्तीची होय. गावाने परंपरेने राखलेले वा वापरलेले वन सांभाळण्याचा, त्याचे पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क कलम ३ ने ग्रामसभेस दिला आणि वन्य प्राणी, वन व जैव विविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार कलम ५ ने तिच्याकडे सोपविला. वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर करण्याचीही तरतूद त्यात आहे. ‘न कसलेल्या जमिनीचा धनी कोण’ या जुन्या प्रश्नास भारतीय कायद्याने दिलेले हे पहिले स्पष्ट उत्तर म्हणता येईल. महाराष्ट्रात असे पहिले सामूहिक हक्क २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) व मर्दा या गावांना मिळाले.

अमरावती जिल्ह्यात या कायद्याचा सर्वांत परिचित प्रयोग मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या कोरकू गावात झाला. २०१२ मध्ये गावास १९३ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हे रान तेव्हा जवळजवळ उघडे-बोडके होते. घाणेरीचे रान माजलेले, माती वाहून गेलेली. ‘खोज’ या स्वयंसेवी संस्थेच्या साह्याने ग्रामसभेने वनव्यवस्थापनाचे नियम केले. मोकाट चराई व कुऱ्हाड बंद झाली, गवत कापून नेण्याची पद्धत सुरू झाली, वणव्यावर पाळत ठेवण्यात आली. रोजगार हमी योजनेतून समपातळी चर खोदणे व वृक्षलागवड ही कामे घेण्यात आली, त्यामुळे मजुरीसाठी होणारे स्थलांतर घटले. रानातील सीताफळे पूर्वी व्यापारी कवडीमोलाने नेत; ती ग्रामसभेने प्रतवारी करून ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईपर्यंत विकण्यास आरंभ केला. २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या भारत जैव विविधता पुरस्कारासाठी पायविहीरची निवड झाली. उपातखेडा, खतिजापूर, नायाखेडा व जामापूर या आसपासच्या गावांतही अशाच धर्तीची कामे झाली. पायविहीरच्या यशाचे श्रेय अनेकदा केवळ नेतृत्वाला किंवा संस्थेला दिले जाते. पण त्याच गावात, त्याच रानात, हक्क मिळण्यापूर्वी हे घडले नव्हते. आज लावलेले झाड उद्या आपलेच राहील, या खात्रीचा त्यात मोठा वाटा आहे. संयुक्त वनव्यवस्थापनाच्या योजनेत (महाराष्ट्रात १९९२ पासून) श्रम गावाचे व निर्णय खात्याचा अशी वाटणी होती व ती योजना अनेक ठिकाणी कागदावर राहिली, हे तुलनेसाठी पुरेसे आहे.

परदेशांतील अनुभवही याला पुष्टी देतो. मेक्सिकोत १९१७ च्या संविधानानंतरच्या जमीनसुधारणेने मोठ्या जमीनदाऱ्या मोडून ‘एहिदो’ नामक ग्रामसमूहांना जमीन दिली. तीत शेतांबरोबर कुरणे व जंगलेही होती. १९८६ च्या वनकायद्याने त्यांना वनव्यवस्थापनाचे अधिक स्वातंत्र्य दिले आणि आज त्या देशातील निम्म्याहून अधिक वने ग्रामसमूहांच्या मालकीची आहेत. सर्वच एहिदोंनी वने राखली असे नाही. सामाईक म्हणजे बेवारस, हे गॅरेट हार्डिन यांचे १९६८ मधील प्रतिपादन जेथे नियम करणारा समूहच नसतो तेथे लागू पडते. जेथे तो असतो, तेथे रान टिकू शकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम (१९३३–२०१२) यांनी दाखवून दिले व त्याबद्दल त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गवताळ रानांची अपूर्ण बाजू : मेळघाटास लाभलेला कायदा पयनघाटास व बालाघाटास पुरेसा लागू पडत नाही. वनहक्क कायदा वनजमिनीपुरता आहे; ई-वर्ग जमीन दप्तरी वन नसेल तर ग्रामसभेस तेथे सामूहिक हक्क मागता येत नाही. अकोला व वाशीम जिल्ह्यांतील फासेपारधी वस्त्यांनी ‘संवेदना’ या संस्थेच्या सहकार्याने काही गवताळ राने राखली आहेत. शिकारीवरील बंदी, विणीच्या काळात गवतात गुरे न सोडणे, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे असे नियम त्यांनी स्वतः केले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने ज्यांचा परंपरागत व्यवसाय गुन्हा ठरविला, त्याच जमातीचे फाशाबरोबर आलेले ज्ञान तणमोराच्या रक्षणास उपयोगी पडले, ही लक्षणीय गोष्ट आहे. मात्र राखलेल्या रानावर पारध्यांचा कायदेशीर हक्क बव्हंशी नाही. त्यांच्या अनेक वस्त्याच मुळी सरकारी जमिनीवर आहेत. त्यामुळे गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याची मोहीम निघाली की, प्रथम नोटीस त्यांच्याच दारी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग प्रकरणातील निर्णयानंतर गायरानांचे रक्षण करण्याची जबाबदारी शासनावर आली व महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी तदनुसार निर्णय काढला. निकालाचा रोख गावातील सामाईक जमीन बळकावणाऱ्यांवर होता आणि भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींच्या पट्ट्यांसारख्या अपवादांची सोय त्यात ठेवलेली होती. अंमलबजावणीत हा विवेक सर्वत्र राहिला असे म्हणता येत नाही.

जैव विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैव विविधता व्यवस्थापन समिती असणे व तिने लोकांच्या सहभागाने जैव विविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात या कामासाठी नागपूर येथे राज्य जैव विविधता मंडळ स्थापन झाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर बहुसंख्य नोंदवह्या घाईने पूर्ण करण्यात आल्या. नोंदवहीत गवताचे नाव लिहिण्याने त्या गवताच्या रानावर गावाचा हक्क निर्माण होत नाही. सातबारा आणि ही नोंदवही ही दोन दप्तरे अद्याप एकमेकांस अपरिचित आहेत. दरम्यान ई-वर्ग जमिनींना नवी मागणी आली आहे. कृषिपंपांना दिवसा वीज देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या व २०२३ पासून विस्तारलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळील शासकीय जमिनी, त्यांत गायरानेही, सौर प्रकल्पांसाठी नाममात्र भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद आहे. अशा जमिनींची यादी करताना ‘पडीक’ हा १८६५ च्या नियमांतील शब्दच पुन्हा वापरात येतो.